लाइन कुठे लागली

लॅम रोडच्या मागच्या गल्लीत
ताजनपुरे काकांच्या टेबलावर एक जुना पीसी आहे.
तीन दिवस झाले, मुका.
फ्रीबीएसडी मी टाकलं, म्हणून दोष माझा.

मॉनिटरही मीच आणला, सातपूरहून,
स्कूटरवर पायांपाशी, चादरीत गुंडाळून.
काकांना तो लागत नाही.
ज्याला दिसत नाही त्याचं मशीन
आधी कुणीतरी डोळ्यांनी बोलतं करावं लागतं.

काका प्रेसमध्ये टेलिफोन बोर्डावर होते, एकतीस वर्षं.
शेजारी छपाई चालते हे त्यांना शाईच्या वासावरून ठाऊक.
हातात दोऱ्या आणि पिना:
साहेबांची लाइन गोदामाला, गोदामाची डॉक्टरला.
आता त्यांना रोजचा पेपर ऐकायचाय,
कुणालाही "वाच रे जरा" न म्हणता.

पहिल्या दिवशी मी बूट होतानाची पुटपुट वाचली.
कीबोर्ड सापडला, म्हणतं. डिस्क सापडली. नेटवर्क सापडलं.
आवाजाचा उल्लेख नाही.
मग पीसीआयची यादी काढली:
साउंडच्या चिपसमोर, ड्रायव्हरच्या जागी, "नन".
म्हणजे माणूस घरात आहे,
रेशनकार्डावर नाव नाही.

दुसऱ्या दिवशी आळस केला.
सगळे साउंड ड्रायव्हर एकदम लोड करणारी एक आज्ञा आहे,
ती दिली,
जसं चौकात उभं राहून ओरडावं,
"अहो, या पोराचं कोण आहे का इथे?"
व्हाया, ईएमयू, आयसीएच, सगळे आले
आणि गप्प उभे राहिले.
एचडीएनं तेवढा हात वर केला.
बाकीच्यांना परत पाठवलं, त्याला एकट्याला आत घेतलं.
यादीतलं "नन" गेलं, नाव आलं.
मिक्सर शंभरावर.
स्पीकरमधून
काही नाही.

बाहेर तोपखान्याचा सराव चालला होता.
काचेचं कपाट थरथरलं, कपबश्या किणकिणल्या.
काका म्हणाले, "त्यांचा ड्रायव्हर बरा चालतोय."

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, काका, कार्डच बदलू.
"थांब. मशीन काय म्हणतंय?"
वाजतंय म्हणतंय. आकडे पुढे सरकतायत, चूक एकही नाही.
"म्हणजे घंटी जातेय," काका म्हणाले,
"खोलीत उचलायला कुणी नाही.
लाइन कुठे लागलीये ते बघ की, बाई."

बघितलं.
युनिट शून्य, एक, दोन: एचडीएमआय.
तीन: मागचं ॲनालॉग, जिथे काकांचे स्पीकर.
आणि ठरलेलं युनिट शून्य.
एचडीएमआयची तार माझ्या मॉनिटरला,
मॉनिटरला स्पीकरच नाही.
दिवसभर आवाज
माझ्या डोळ्यांसाठी आणलेल्या काचेत शिरत होता
आणि तिथेच संपत होता.

शून्याचे तीन केले. एवढंच.
चाचणीचं वाक्य खोलीत आलं,
दातात खिळे धरून बोलणाऱ्या सुतारासारखं,
देवळालीला "देवलाली" म्हणत.
काका हसले नाहीत.
हात पुढे करून स्पीकरच्या जाळीवर बोटं टेकवली,
कुणाचा ताप बघावा तशी.
"परगावचा दिसतो. होईल सवय."

बूटच्या फाइलीत एक ओळ लिहिली, सिस्टिमच्या फाइलीत एक,
म्हणजे लाइट गेली तरी विसरायला नको.
मॉनिटर सोडवून चादरीत गुंडाळला.
दारापर्यंत पोचले तर काका म्हणाले,
आवाज निम्म्यावर आणून जा.
का, फाटतोय?
"नाही गं. तोफा ऐकू यायला हव्यात.
नाहीतर चहाची वेळ कशी कळायची."