तायी कार्ड

नंदगडच्या दवाखान्यात सिस्टर विचारते,
"तायी हेसरु?"
मी आईचं नाव सांगते. यल्लूबाई.
पेन थांबतं.
"आईचं नको गं, तुझं.
आता तायी तूच की."

घरी धाकटा कार्डावर बोट ठेवून वाचतो,
कन्नड शाळेत नुकताच अक्षरं शिकलाय:
"ता-यी. म्हणजे ताई!
ताई, तुझ्या नावाचं कार्ड?"
चुलीपाशी आई पाठ वळवते.
बाबा काजूच्या बागेतून येतात
मी जेवून उठल्यावरच.
शेजारी विचारलं तर मी खानापूरला, मावशीकडे.
परसातून माझा खोकला ऐकू येतो तरी.

माघात बाळ झालं. परीक्षा चैत्रात.

वर्गाच्या दारात उभी राहते.
माझ्या जागेवर कस्तुरीचं दप्तर.
ती उचलत नाही.
बाई फळा पुसत राहतात, पुसलेलाच.
मग ती उचलते.

गणिताच्या वहीवर दुधाचा डाग,
बाई तेवढा सोडून तपासतात.
पंपाच्या खोलीमागे आई बाळ घेऊन बसलेली,
पदर ओढून, जणू चोरलंय.

घंटेआधी कस्तुरी वाकते,
कानाशी:
"खूप दुखलं का गं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी
कार्डावर नसलेलं काही विचारतं.