कोऱ्या पानाचं वजन

मल्हारगंजच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो तेव्हा
कॉलेजातली चार पोरं अंक काढायची. नाव ‘निरंक’.
देव नाही, नीती नाही, अर्थ नाही, उद्या नाही.
अर्ध्या फर्म्यातच केसमधले ‘न’ संपले.
म्हटलं, निरखेसाहेब,
एवढं नाकारायला टाइप पुरत नाही आपल्याकडे.
तो हसला. रिकाम्या जागी मी खिळे उलटे रोवले;
प्रूफात तिथे नुसते काळे ठिपके.
त्याला तेच आवडले.

तिसऱ्या अंकात त्यांना एक पान कोरं हवं होतं.
त्यांना वाटलं, काही करायचं नाही, म्हणजे झालं.
पण छापखान्यात काहीच नसणंही जुळवावं लागतं,
शिशाचे मुके ठोकळे, अक्षरांहून बुटके,
शाईच्या रुळाखाली मान खाली घालून.
ते नसले तर शेजारचं भरलेलं पानही ढासळतं.
दीड तास गेला.
मग निरखेच्या हातावर ठेवलं ते पान.
‘जड आहे हो,’ म्हणाला,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहाचे पैसे त्यानं दिले.

पुढे गिरणीची नोटीस आली, हिंदीत.
नाहीचा काना उतरवला, वर अनुस्वार चढवला,
तेच ‘न’, कवितांनी कडा झिजवलेले.
मेव्हणा साच्यावर होता माझा.
फाटकावर बोट फिरवत त्यानं ती वाचली,
घरी येऊन विचारलं, हे तू जुळवलंस?
मी पाणी पीत राहिलो.
नंतर पाटनीपुऱ्याच्या चौकात
त्याची पोरं दिवसभर उकिडवी बसायची.
‘क्या फ़रक पड़ता है, भिया.’
‘निरंक’ त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता.

निरखे बँकेत लागला. दोघं पुण्याला गेले.
खरं मानणारा एकच, गोविलकर, तोतरा,
‘नाही’ म्हणताना नेहमी ‘ना’वर अडकायचा.
सहाव्या अंकाचं प्रूफ खिशात घालून गेला
तो आलाच नाही.
त्याची आई दोनदा येऊन गेली,
काही विसरलाय का इथे, विचारत.

तीन आठवडे त्याची कविता दोऱ्यानं बांधून ठेवली.
मग मालक ओरडले, लग्नपत्रिकांना टाइप हवाय.
दोरा सोडला. एकेक खिळा आपापल्या घरात टाकला.
उलटे रोवलेले निघाले सात.
‘न’ आले की घालीन म्हणून ठेवलेले.
आता आले होते भरपूर.