मीठ खाल्लेली पेटी

डॅशबोर्डच्या खणामागून ओढून काढली
तेव्हा जुन्या पेटीतून चिमूटभर मीठ
मांडीवर सांडलं.
झाकण उघडलं, तर तांब्याच्या रेषा हिरव्यागार.
तीस वर्षांच्या प्रवाशांचे ओले बूट
थेंब थेंब आत मुरलेले.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हिनं कुठे खाल्लं होतं? मिठानंच हिला खाल्लं.
तरी जागली बिचारी,
शेवटच्या आठवड्यात फक्त
सहापैकी एका सिलिंडरला विसरायला लागली.

नऊ दिवसांनी फ्रेंचांची टोळी येणार होती उयुनीत,
आणि आगाऊ पैसे आम्ही केव्हाच खाल्लेले.

इकिकेच्या भंगारवाल्यानं फोटो पाठवला :
हुबेहूब हीच पेटी, नंबरासकट.
"हिनं खारी हवा पाहिलेलीसुद्धा नाही,"
बंदरावरच्या दुकानात बसून म्हणाला.
मामेभाऊ विल्डर म्हणाला, एक छोटी मिळते, स्वस्त,
जुन्या पेटीच्या गळ्यात बांधायची.
सेन्सर खरं सांगतो, ही मधेच अडवते,
थोडं खोटं पुढे सरकवते,
आणि इंजिन भोळं, पेट्रोल वाढवून देतं.
पण जिला खरंच धड ऐकू येईना
तिच्या कानात खोटं तरी किती ओरडायचं!

मग उरल्या दोन.
एक काळी, डिंकासारख्या रसात बुडवून थिजवलेली.
पाण्यात टाका, मिठात पुरा, हूं की चूं करणार नाही.
बिघडली तर मात्र समुद्रापार पाठवा.
आमच्या देशाला समुद्र उरलेला नाही.
दुसरी हिरवी, उघडी, अर्धी आपणच डाग देऊन जोडायची;
तिचा प्रत्येक तुकडा
एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
बटाट्यांसारखा ढिगात मिळतो.

तीन रात्री मी तारा मोजल्या.
इंजेक्टर सहा, डिस्ट्रिब्युटर एक,
कुठली तार जमिनीची, कुठली नुसतीच लोंबणारी.
हवेचा दाब मोजणारा सेन्सर आतच आहे का,
खरा प्रश्न एवढाच. कारण आम्ही
सकाळचा चहा साडेतीन हजार मीटरवर घेतो
आणि दुपारी, पावणेपाच हजारांवर,
उकळत्या चिखलाशेजारी लघवीला थांबतो.
एवढ्यात हवा किती वेळा पातळ होते
ते कॅटलॉग लिहिणाऱ्याला कुठलं ठाऊक.

बाबांना विचारलं. त्यांनी दोन्ही चित्रं पाहिली,
चष्म्याशिवाय.
"झाकण कुठलीचं निघतं?"
मी उघडीवर बोट ठेवलं.
"मग झालं."

ती आली ती कोरी.
सोळा आडवे, सोळा उभे रकाने,
त्यांत कुणा समुद्रकाठच्या माणसाचे आकडे,
जाड हवेत, निवांत बसून लिहिलेले.
दुसऱ्या दिवशी पहाटे चढाला लागलो.
सातुर्निनो चोके, वय एकाहत्तर, गालात कोकाची पानं,
डावा कान खिडकीबाहेर;
ज्यांनी कार्बुरेटर नुसत्या आवाजावर लावले
आणि लॅपटॉपला कधी हात लावला नाही.
"आता उपाशी आहे," म्हणायचे,
आणि मग माझ्या पडद्यावरचा काटा सरकायचा.
"आता हावरट झालीय. कमी कर."
मी कमी करत होते.
रकान्यामागून रकाना
त्यांचा कान उतरवून घेत होते आकड्यांत.
एका ठिकाणी, लाल तळ्याच्या अलीकडे, ते चुकले.
काटा साफ उलटा सांगत होता.
मी काही बोलले नाही,
गुपचूप आकडा बदलला.
वळणानंतर ते म्हणाले, "बरी चालतेय की,"
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

परतल्यावर अंगणात त्यांनी बिअर फोडली.
पहिली धार जमिनीला, धरणीमातेची.
मग चारी चाकांना, मग बॉनेटवर फेसासकट.
मी खणासमोर हात आडवा धरला : इथे नाही हं!
ते थांबले.
बाटलीच्या तोंडात करंगळी बुडवली
आणि माझ्या हाताखालून
झाकणाला लावली. एकच थेंब.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो पुसला.
मग पुन्हा झाकण उघडून पाहिलं,
उगाच.