वीण

सकाळी सहा. नाईक तलाव.
पाणी घोटलेल्या पालकासारखं,
काठाला त्याचीच निळसर साय.
ढोपरभर उतरून मी बादल्या मोजते,
पाच बादल्या, जाळीतून गाळायच्या.
चौथीला जाळी अडकली
गेल्या सालच्या कुठल्याशा देवीच्या सळईत,
आणि टर्रकन.

"आन इकडे, पोरी."
झिबलजी निखारे. पायरीवर रोजचे.
माग विकून वीस वर्षं झाली,
अंगठा तेवढा राहिला:
नखावर कापड ताणून, डोळे मिटून, धागे मोजले.
"गजब बारीक वीण हाय बाप्पा.
याचं लुगडं कोन नेसते?"
लुगडं नाही काका, यात पाण्यातले जीव धरतात.
"दिसत तं नाही काई."
दिसत नाहीत. म्हणून मोजायचे.

प्रयोगशाळेत आयोडिनचे चार थेंब.
बाटलीचा चहा होतो, जीव तळाशी बसतात.
काचेवर हजार चौकोन,
अंगठा मोजणीच्या खटक्यावर:
निळ्या-हिरव्या शेवाळाचे गोळे, खट् खट् खट्,
युग्लिना, खट्,
रोटिफर, तोंडाजवळची चाकं थांबलेली,
एकेका चौकोनात इतके
की बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं लागतं.
यांना घाण मानवते.
ज्यांना मानवत नाही, ते नाहीत.
अहवालात खरं तर एवढंच असतं,
बाकी तक्ते.

पुढच्या मंगळवारी जाळी तयार होती,
घरात उरलेल्या रेशमाच्या तारेनं सांधलेली.
"उपाशी हाय का तलाव?"
उलट, काका. साबणाचं पाणी, नाल्याचं,
फुलं, पिठाच्या गोळ्या, सगळं खातोय.
रात्री श्वास पुरत नाही,
पहाटे मासे तोंड वर काढतात.
ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.
"म्हंजे पंगतीतून उठूच नाही देल्लं त्याले."

वाचते का, हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी टक्केवारी सांगितली असती.

त्या दिवशीच्या नमुन्यात, नऊशे सत्तराव्या चौकोनात,
एक डॅफ्निया. पाठीच्या पिशवीत दोन अंडी.
काच काढली, पुसली, पुन्हा लावली,
सहाय्यकाला बोलावून दाखवला.
दोघांनी पाहिला म्हणून दोन होत नाहीत.
एक लिहिला.

झिबलजींच्या नावाला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं:
जाळी दुरुस्त केलेली आहे.
डाव्या बाजूला वीण मूळच्यापेक्षा घट्ट,
बारीक जीव अडकून
आकडे किंचित जास्त येऊ शकतात.