चार पावलं

नाव तेच ठेवलंय त्यांनी.
एवढंसुद्धा सुचू नये?
घरात बाळ झालं तर लोक
आजोबांचं नाव ठेवण्याआधी जरा थांबतात,
निदान आजोबा गेलेले असावेत म्हणून.
आमचा सिनेमा अजून गेलेला नाही.
माझ्या डोक्यात त्याचे तीन, सहा आणि नऊचे खेळ
रोज चालू आहेत.

ओजस म्हणाला, चला आजोबा, तिकिटं काढलीत,
खुर्ची मागे पडते, पाय वर येतात.
गेलो.
कंपूवरून रिक्षा, डिसेंबरची हाडं गोठवणारी थंडी,
खिशात गजक होती, ती दारावरच्या पोरीने काढून घेतली:
बाहेरचं खाणं आत चालत नाही.
आत मात्र सगळं बाहेरचंच.
गोष्ट आमची, भांडण आमचं,
खलनायकाची खोकण्याची ढबसुद्धा आमची,
वरून फक्त धूर जास्त.
शिळ्या कढीला ऊत आणतात म्हणे,
इथे ऊतही शिळाच.

पूर्वी नायक पत्र लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा.
आता टाइप करतो, पुसतो, टाइप करतो.
एवढ्या फरकासाठी सात लेखक लागले,
मोजले मी,
शेवटी झाडूवाला येईपर्यंत बसून.

पण त्याआधी तो प्रसंग आला.

ती खुर्चीत. बाप ते एक वाक्य बोलतो.
ती उठते
आणि थेट दारात असते.

असंच होतं ते.
लश्करात, श्रीकमल टॉकीजला, शहात्तर सालच्या हिवाळ्यात
चौदा आठवडे असंच होतं:
खुर्चीतून उठली की दारात.
मध्ये एक पांढरा ठिपका, आवाजाला एक ठसका,
आणि सगळा थर्ड क्लास एका सुरात ओरडायचा,
गेली!
मुरलीधर ढवळे सगळ्यात आधी.
मी म्हणायचो, काय दिग्दर्शक आहे!
मन तुटलेल्या बाईला दारापर्यंत जायला
पाय कशाला हवेत?
मुरलीधर म्हणायचा, पट्टी जळली असेल रे.
यावरून दौलतगंजच्या टपरीवर
आम्ही दोन-दोन कप चहाचं भांडण केलंय,
आणि पैसे दर वेळी मीच दिलेत,
कारण त्याला कला कळत नव्हती.

तर त्या मऊ खुर्चीत मी बसलेलो,
ती पडद्यावर उठली,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गेली!
पण ती गेली नव्हती.
चालत होती.
एक. दोन. व्हायोलिनं. तीन.
पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं.
चार.

घरी येऊन मी जेवण टाकलं.
पावलं घुसडली नालायकांनी, म्हटलं,
तिथे पावलं नव्हतीच!
ओजसने न बोलता फोनवर जुना सिनेमा काढला,
धुऊन पुसून लख्ख केलेला.
तीच खुर्ची. तोच बाप.
ती उठली,
आणि पदर सावरत, सावकाश,
चार पावलं चालून दारापर्यंत गेली.

म्हणजे हरविलास कुशवाह.
ऑपरेटर. मशीनपाशी बिडी ओढत डुलक्या काढायचा.
पहिल्याच आठवड्यात कधीतरी रीळ अडकलं असणार,
त्याने जळलेलं कातरलं, उरलेलं चिकटवलं,
आणि आख्ख्या ग्वाल्हेरला एक निराळा सिनेमा दिला,
कुणाला न सांगता,
पाटीवर नाव न लावता.

मुरलीधर, तुझंच खरं होतं.
हे ऐकायला तू नाहीस
ते बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.
चहाचे पैसे मात्र मी परत मागणार नाही.

नकलांवरचा माझा राग तसाच आहे, लिहून ठेवा.
येत्या शुक्रवारी आणखी एक जुनं नाव लागतंय.
जाईन. शिव्या देईन. पुन्हा जाईन.
पण यांच्याकडे जळण्यासारखं काही असतच नाही,
सगळं एका डबीतून येतं, न अडकता, न तुटता,
आणि मागे वळून पाहावं तर
वर, त्या चौकोनी भोकाच्या अंधारात,
डुलकी काढणारं
कुणी नाही.