तीन वाजताची नोंद

सोसायटीच्या सभेत माझा चार्जर
सात विरुद्ध सतरा मतांनी पडला.
कारण काय, तर पार्किंगमधून वायर गेली
की तळमजल्यावरच्या शहाबेनच्या मोगऱ्याला शॉक बसेल.
तेव्हापासून दर तिसऱ्या रात्री मी गोल्डन चोकडीला येते.
ढाब्यामागे पत्र्याची शेड, तिथे दोन गन टांगलेल्या.
गनच म्हणतात सगळे.
अहमदाबादचे ट्रक बाजूने जातात,
शेड जराशी हलते, मग पुन्हा उभी राहते.

तात्या सोबत असतात. झोप येत नाही म्हणून,
आणि खरं तर आकडे बघायला मिळतात म्हणून.
चौतीस वर्षं सबस्टेशनच्या पॅनलसमोर बसलेला माणूस.
दर तासाला व्होल्ट, अँपिअर, तेलाचं तापमान,
शाईच्या पेनाने, रकान्याबाहेर न जाता.
आता औषधांच्या बिलामागे रेघा आखून लिहितात.
मागच्या खेपेला: २.१०, ३९८ व्होल्ट, १३७ अँपिअर.
"साठ म्हणवतंय, चोपन्नच देतंय,"
भाजीवालीचा काटा पकडल्यासारखे खूश.

आज एका गनवर कागद चिकटवलेला: बंध छे.
दुसरीला एक पांढरी टॅक्सी,
शंभर टक्के भरून केव्हाची,
आणि खिडकीतून बाहेर आलेले दोन तळपाय,
टाचांना भेगा, अंगठ्याला निळी इन्सुलेशन पट्टी.
ॲप म्हणतं, एक जागा उपलब्ध.
ॲपला काय जातं म्हणायला.
माझ्याकडे नऊ टक्के.
घरापर्यंत पुरतील, सकाळी शाळेपर्यंत नाही.

मी काचेवर टकटक करायला हात उचलला.
"थांब," तात्या म्हणाले, "ड्युटीवर आहे तो."

मग शेडच्या खांबाला टेकून, माझ्याकडे न बघता:
"चौऱ्याहत्तर साली, गोरव्याला, मी झोपलो होतो.
बाराची नोंद केली
आणि जाग आली ती एकदम साडेतीनला.
तीन ओळी कोऱ्या.
भरल्या मग, अंदाजाने.
एकला थोडा कमी, दोनला आणखी कमी, तीनला तेवढाच.
माणसं झोपतात तसा लोडही झोपतो, एवढं माहीत होतं.
शेऱ्यात लिहिलं, सर्व ठीक.
साहेबांनी सही केली.
दोन रात्री जागलो होतो गं दवाखान्यात.
तुझ्या वेळची नाही ही गोष्ट.
तुझ्या आधीच्याची."

माझ्या आधी कोणी होतं
हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं,
एका बंद आणि एका अडलेल्या गनच्या मध्ये उभं असताना.
मुलगा की मुलगी, विचारायला तोंड उघडलं
तेवढ्यात तळपाय आत गेले.

वजेसिंग बारिया. सकाळपासून विमानतळाच्या चार फेऱ्या.
"माफ करजो, बा," हात जोडून, केस विस्कटलेले,
मोबाइलवर थांबण्याचा दंड बघून तोंड कसनुसं.
"कंई वांधो नहीं," तात्या म्हणाले
आणि त्याला विचारलं, बॅटरी किती वर्षांची,
उन्हात किती गरम होते, मीटर लिहून ठेवतोस का.
तो हसला. चहा घेऊन आला, तीन कप, कागदाचे, गळके.
मग चोकडीच्या दिव्यांत त्याची टॅक्सी
आवाज न करता निघून गेली.

गन लावली. खट्ट.
हिरवा दिवा, आणि कुठेतरी आत पंखा फिरायला लागला.
मी विचारीन म्हणून वाट बघत होते स्वतःचीच.
तात्या गाडीत जाऊन बसले.

तीन वाजता ते घोरत होते,
बिल मांडीवर, पेनाचं टोपण उघडं.
एवढ्या वर्षांत त्यांचा तास चुकलेला
मी पाहिला नव्हता.
पडद्यावर ४०६ व्होल्ट, १२१ अँपिअर.
अलगद बिल ओढून घेतलं आणि लिहिलं.
अक्षर त्यांच्यासारखं काढायला गेले,
जमलं नाही, सहा रेघेबाहेर गेला.

शेऱ्याची जागा कोरी ठेवली.