डाव्या दारातला खुळखुळा

टॉर्च मी धरलाय.
एलॉय म्हणतो, जरा खाली, म्हणजे वर.
चाळीस वर्षांत त्याचं खाली-वर
माझ्या मनगटाला पाठ झालंय.

एस्पान्योलाच्या उन्हात आमची सबर्बन उभी,
दोन हजार चारची, छपराचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला.
तिच्यातून मेंढ्या आणल्या, सरपण आणलं,
एकदा चर्चचा ऑर्गन, मागचं दार दोरीनं बांधून.
आणि अकरा वर्षं तिच्या डाव्या दारात काहीतरी खुळखुळतंय.
व्हायोलिन लागलं की खुळखुळ,
हवामानाची बातमी लागली तरी खुळखुळ.
"कंपनीचे स्पीकर," एलॉय म्हणायचा,
जसं कुणी म्हणावं, त्यांच्या घराण्यातच आहे ते.

दाराचं आवरण निघालं. कट्, कट्, एक क्लिप मोडली.
आत पिन्योनची टरफलं, एक हेअरपिन (माझी नाही,
पण तो विषय आता जुना झाला),
आणि तो, कागदी कोनाचा.
कडेच्या फोमला बोट लावलं तर भुगा,
तव्यावर विसरलेल्या टॉर्टियाच्या कडेसारखा.
मागचं लोहचुंबक बिस्किटाएवढं.
एवढ्याशा जिवावर वीस वर्षं गायला बिचारा.

नवा जड आहे. एलॉय त्याचे वॅट आणि ओहम
माळ जपल्यासारखे पुटपुटतो.
पत्र्याला आतून काळं, चिकट अस्तर लावतो,
दार लावून बघतो: धप्प.
पुन्हा उघडतो. धप्प.
चार वेळा.

मग आरशापाशी दोन छोटे, बाटलीच्या टोपणाएवढे.
"हे वरच्या आवाजाचे," तो मला समजावतो.
वरचा आवाज एलॉयला ऐकू येत नाही.
सत्तावीस वर्षं लाकडाच्या गिरणीत होता.
माझ्या बोलण्यातले सगळे 'स' करवतीनं केव्हाच कापून नेले.
मी साखर म्हणते, त्याला आखर पोचतं,
आणि तो समजल्यासारखी मान हलवतो.
मग हे महागातले कशाला?
"गाडीत तूही असतेस ना," म्हणाला,
स्क्रू दातांत धरून.

रेडिओ लावला.
गिटारच्या तारेवरून नख घसरलं
ते मला ऐकू आलं. नख.
तो गाणं ऐकत नव्हता, माझं तोंड बघत होता,
पहिला घास कसा लागतोय
हे रांधणाऱ्यानं बघावं तसा.

आणि मग
खुळखुळ.

त्याला ऐकू गेलं नाही. माझ्या कपाळावर दिसलं.
त्यानं दारावर तळवा ठेवला,
आजारी जनावराच्या पोटावर ठेवतात तसा,
आणि शिवी हासडली.

पुन्हा आवरण, पुन्हा क्लिपा, पुन्हा मी आणि टॉर्च.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यानं दोरीला बांधलं
आणि दाराच्या पोटात सोडलं, विहिरीत गळ टाकावा तसं.
दोनदा पत्र्यालाच चिकटलं.
तिसऱ्यांदा वर आलं
त्याच्या अंगावर दहा नंबरचा सॉकेट घेऊन.

आम्ही दोघं गप्प.

अकरा वर्षांपूर्वी काच अडकली होती.
माझा भाऊ बेलार्मिनो मदतीला आला होता.
सॉकेट हरवला, आणि ईस्टरच्या जेवणात, सगळ्यांदेखत,
एलॉय म्हणाला होता, "काही लोकांचे हात लांब असतात."
तेव्हापासून बेलार्मिनो फक्त मयतीला भेटतो.

एलॉयनं सॉकेट शर्टाला पुसला.
पुन्हा पुसला.
"फोन तू कर," म्हणाला.
मी म्हटलं, नाही.

रेडिओ नातवानं नाताळात बदललेला, त्यात फोनही वाजतो.
घंटा चारही दारांतून घुमली.
मग बेलार्मिनोचा आवाज, आलामोसाहून,
गाडीभर, सीटखाली, माझ्या पाठीशी,
श्वासासकट.

एलॉयनं एका दमात सगळं सांगितलं,
चुंबकाचंसुद्धा.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
दारात काही खुळखुळत नाही.

मग तो म्हणाला,
"सॉकेट जपून ठेव.
त्याचा पाना माझ्याकडे आहे."